‘टॅपेस्ट्री’ची नवी एलपी: निवडण्यापासून पावसाळ्यात जपण्यापर्यंत

अमेरिकन गायिका कॅरोल किंगच्या ‘टॅपेस्ट्री’ या अल्बमची नवी एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, हातात आली की बहुतेक जण पहिलं गाणं लावतात, एवढ्या ओळखीच्या ठेक्यावर खूश होतात आणि रेकॉर्ड चांगली निघाली असं मानून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. मला मिळालेल्या पहिल्या प्रतीतली खोट तीन दिवसांनी कळली, तीही दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटच्या गाण्यात. त्या गाण्यात पियानो, आवाज आणि बास याखेरीज फारसं काही नाही. पियानोचा एक लांबवलेला स्वर हलत होता. झोपाळ्यावर बसून कोणी तंबोरा छेडावा तसा तो किंचित वर जायचा, किंचित खाली यायचा. रेकॉर्डचं भोक मध्यावर पाडलेलं नव्हतं. दुकानाची परतीची मुदत आदल्याच दिवशी संपली होती.

तेव्हापासून ही रेकॉर्ड घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो: तपासणी शेवटच्या गाण्यापासून सुरू करा. का, ते पुढे येईलच. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे किंवा लवकरच येणार आहे आणि ज्यांना हा अल्बम नव्या छपाईत घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातलं बरंचसं कुठल्याही नव्या एलपीला लागू पडेल. पण उदाहरण एकच धरून चाललं की कान कुठे लावायचा ते नेमकं सांगता येतं.

आधी, ही रेकॉर्ड काय आहे

कॅरोल किंगचा जन्म १९४२चा, न्यूयॉर्कचा, आणि ती वाढली ब्रुकलिनमध्ये. साठच्या दशकात ती आणि जेरी गॉफिन दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत. शिरेल्स या मुलींच्या गटाने गायलेलं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ १९६१च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. अ‍ॅरिथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये ‘अ नॅचरल वुमन’ घरोघरी पोहोचवलं. पुढे किंग लॉस एंजेलिसला आली आणि स्वतः गाऊ लागली. ‘टॅपेस्ट्री’ जानेवारी १९७१ मध्ये ए अँड एम स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. ही जागा म्हणजे एके काळचा चार्ली चॅप्लिनचा चित्रपट स्टुडिओ. निर्माता लू अ‍ॅडलर, ध्वनिमुद्रक हँक सिकालो आणि रेकॉर्ड कंपनी अ‍ॅडलरची ओड. फेब्रुवारीत रेकॉर्ड बाजारात आली, अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या अल्बमच्या यादीत सलग १५ आठवडे पहिली राहिली आणि पुढच्या वर्षी तिने चार ग्रॅमी मिळवले. २००३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तिचा समावेश केला.

आपल्या कामासाठी यातली एकच गोष्ट महत्त्वाची: ही फार कमी वाद्यांची रेकॉर्ड आहे. समोर पियानो आणि बाई. मागे चार्ल्स लार्कीचा बास, डॅनी कॉर्चमारची गिटार, ड्रम्स, मधूनच कर्टिस एमीचा सॅक्सोफोन किंवा बासरी. मोठ्या वाद्यमेळात छपाईचे दोष झाकले जातात. इथे दोष झाकायला जागाच नाही. आणि पियानो हे हार्मोनियमसारखं स्थिर स्वराचं वाद्य आहे, त्याला मींड घेता येत नाही. म्हणून त्याचा स्वर हलला, तर ती चूक रेकॉर्डची किंवा प्लेअरची असते, वादकाची नव्हे.

पहिली पायरी: कोणती आवृत्ती हवी ते ठरवणं

या अल्बमच्या आवृत्त्या खूप आहेत. पण आपल्यासमोर प्रत्यक्षात तीनच वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे सोनीकडून येणारी साधी, एका तबकडीची नवी छपाई. दुकानात किंवा ऑनलाइन सहज मिळते ती हीच. दुसरी वाट महागडी. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीने हा अल्बम मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने, दोन तबकड्यांवर, पेटीत घालून काढला. तिसरी वाट म्हणजे १९७१च्या आसपासची वापरलेली अमेरिकन प्रत.

४५च्या आवृत्तीचा फायदा समजून घ्यायला थोडं गणित लागतं. साधी एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आत, लेबलजवळ, तेवढ्याच वेळात जेमतेम २१ सेंटिमीटर. फेरे तेवढेच, पण वर्तुळ लहान झालेलं. म्हणजे शेवटच्या गाण्याला पहिल्या गाण्याच्या निम्म्याहून कमी जागेत मावावं लागतं. त्यामुळे ‘स’, ‘श’ ही अक्षरं तिथे फिसकटतात, पियानोचा आघात बोथट होतो. ४५च्या वेगात खाच जास्त लांब मिळते आणि एका बाजूला तीनच गाणी असली की आतल्या चिंचोळ्या भागात जावंच लागत नाही. हा फरक खरा आहे, ऐकू येतो. पण दर अकरा-बारा मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते. एका बैठकीत ऐकायच्या रेकॉर्डसाठी मला हा मोबदला जास्त वाटतो.

आणखी एक माहीत असलेलं बरं. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटीच्या अभियंत्यांनी स्वतःच सांगितलं, की त्यांच्या बऱ्याच रेकॉर्डसाठी मूळ टेप आणि तबकडीत खाच कोरणारं कापणीचं यंत्र यांच्या मध्ये उच्च दर्जाची डिजिटल प्रत घेतली जाते. अनेक खरेदीदार संतापले, कारण ‘मूळ टेपवरून’ या शब्दांचा त्यांनी वेगळा अर्थ लावला होता. आवाज चांगला आहे की नाही हा एक प्रश्न, आणि आपण कशासाठी पैसे दिले हा दुसरा. केवळ ‘पूर्ण अ‍ॅनालॉग’, म्हणजे मध्ये डिजिटल प्रत नसलेली, म्हणून एवढे पैसे मोजणार असाल, तर ती खात्री लेखी दिलेली आहे का ते बघा. नसेल, तर कानाला विचारून ठरवा.

जुन्या अमेरिकन प्रतीबद्दल माझं मत बदलत गेलं. ही रेकॉर्ड लाखांनी खपल्यामुळे अमेरिकेत जुन्या प्रती दुर्मीळ नाहीत आणि फार महागही नाहीत. पण त्या खूप वाजलेल्या असतात. स्वस्त प्लेअरच्या जड सुईने शंभरदा वाजलेल्या खाचा वरून स्वच्छ दिसल्या तरी शेवटच्या गाण्यात आवाज चरचरतो. तिथे कोणी जवळचं राहत असेल, बहीण, भाचा, जुना मित्र, आणि तो दुकानात जाऊन प्रत्यक्ष ऐकून घेऊ शकत असेल, तर जरूर मागवा. येताना मात्र सामानाच्या बॅगेत नको, हातातल्या बॅगेत, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये. नुसत्या फोटोवर भरवसा ठेवून जुनी प्रत मागवू नका.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने साधी नवी छपाई घ्यावी, असंच मी सांगेन. उरलेल्या पैशांत चांगली सुई घ्या. सुईमुळे पडणारा फरक आवृत्तीच्या फरकाहून मोठा असतो.

राहिला ‘१८० ग्रॅम’चा शिक्का. जाड तबकडी हाताला भारदस्त लागते आणि थोडी सपाट राहते. आवाज ठरतो तो कापणी कोणी केली आणि छपाई कशी झाली यावर, वजनावर नाही.

दुसरी पायरी: विकत घेताना

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. प्रत आयात केलेली आहे का आणि किंमतीत सीमाशुल्क, जीएसटी, कुरिअर सगळं धरलेलं आहे का? सदोष निघाली तर बदलून मिळेल का? आणि ‘सदोष’ म्हणजे काय? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. काही दुकानं फक्त फुटलेली किंवा वाकडी रेकॉर्ड बदलून देतात, आवाजातले दोष मानतच नाहीत. हे आधी कळलेलं बरं. व्यवहार मेसेजवर किंवा मेलवर करा, म्हणजे उत्तरं लेखी राहतात.

परदेशातून थेट मागवलीत तर मूळ किंमत, टपालखर्च आणि त्या सगळ्यावर बसणारा कर अशी बेरीज करून मगच इथल्या दुकानाशी तुलना करा. बऱ्याचदा इथल्या दुकानाची किंमतच कमी पडते. शिवाय परत द्यायची वेळ आली, तर परदेशी टपालखर्चातच रेकॉर्डची किंमत निघून जाते.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना दुकानात जाऊन हाताळून घेण्याची सोय आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, त्याची हळहळ अजून वाटते. पण नव्या रेकॉर्ड विकणारी दुकानं पुन्हा उघडली आहेत. शक्य असेल तर तिथे जा. पाकिटाचे कोपरे दुमडलेत का, तबकडीने आतून पाकिटाची शिवण फाडली आहे का, हे डोळ्यांनी बघून घेता येतं.

तिसरी पायरी: पार्सल उघडताना

पार्सल मे महिन्यात आलं असेल तर लगेच कापू नका. कुरिअरच्या गाडीत तापलेली तबकडी मऊ असते. आडवी, सपाट, पंख्याखाली दोन-तीन तास राहू द्या. मग मोबाइल उभा करून उघडतानाचं चित्रण सुरू करा आणि पार्सलवरच्या पत्त्यापासून तबकडी बाहेर येईपर्यंत ते थांबवू नका. पुढे भांडायची वेळ आली तर हाच पुरावा.

आधी पाकीट बघा. जिम मॅकक्रेरीने घेतलेलं ते छायाचित्र लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅनियनमधल्या किंगच्या घरातलं आहे. खिडकीशी ती अनवाणी बसली आहे, हातात स्वतः टाके घालून केलेलं कापड, आणि पुढे उशीवर टेलिमेकस नावाचं मांजर. बोट ठेवा त्या मांजरावर. जिथे मूळ छायाचित्रावरून नवी छपाई केलेली असते, तिथे अंगावरचे पट्टे आणि केस वेगळे दिसतात. जुन्या पाकिटाचीच प्रत काढून छापलेलं असेल, तर मांजर काळपट गोळ्यासारखं दिसतं आणि खिडकीचा उजेड पांढरा भकभकीत होतो. यावरून आवाजाची खात्री देता येत नाही. पण चित्राची एवढी हेळसांड करणाऱ्यांनी टेपची किती काळजी घेतली असेल, हा प्रश्न माझ्या मनात येतोच.

आता तबकडी. कडेला तळवे आणि मध्ये लेबलवर बोटं, असंच धरायचं. गाणी जिथे असतात त्या काळ्या पट्ट्याला बोट लागू द्यायचं नाही. खिडकीच्या तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा. कागदी पाकिटाच्या घर्षणाचे बारीक केसासारखे ओरखडे बहुधा वाजत नाहीत. नखाला जाणवतो तो ओरखडा मात्र वाजतोच. नख लावून बघायचंच असेल तर लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीवर, खाचांवर नाही.

शेवटच्या खाचेनंतर लेबलपर्यंत जी कोरी पट्टी असते, तिच्यावर बारीक कोरलेली अक्षरं आणि आकडे असतात. त्यांचा फोटो काढून ठेवा. कापणी करणारे अभियंते अनेकदा तिथे आपली आद्याक्षरं कोरतात. ‘बीजी’ म्हणजे बर्नी ग्रंडमन, ‘आरएल’ म्हणजे रॉबर्ट लुडविग, ‘केपीजी’ म्हणजे केव्हिन ग्रे. नवीन प्रतींवर नुसता कारखान्याचा क्रमांकही असतो. पुढे दुसऱ्या कोणाच्या प्रतीशी तुलना करायची असेल, तर आपली छपाई ओळखण्याची हीच खूण.

चौथी पायरी: प्लेअर आधी नीट लावा

रेकॉर्डला दोष देण्याआधी प्लेअरकडे बघावं. यात तासभर गेला तरी तो वाया जात नाही.

प्लेअर सपाट हवा. गवंडी वापरतात ती छोटी स्पिरिट लेव्हल तबकडीवर ठेवा, मोबाइलमधली चालेल. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून सरळ करा. स्पीकर आणि प्लेअर एकाच टेबलावर ठेवू नका, नाहीतर बासचे हादरे सुईत परत शिरतात.

सुईचा भार मोजा. साधा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो आणि तो घेतलाच पाहिजे. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम-९५ई कार्ट्रिजला (सुई बसवलेला छोटा भाग) २ ग्रॅम भार लागतो, ऑर्टोफॉनच्या २एम रेडला १.८. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. खरं तर उलटं घडतं. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, आपटते आणि तीच खाच खरवडते. सांगितलेल्या मर्यादेतला मधला किंवा थोडा वरचा आकडा धरा. सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये भार बराच जास्त असतो आणि तो बदलता येत नाही. अशा प्लेअरवर ही रेकॉर्ड लावू नका, थोडे थांबून बरा प्लेअर घ्या.

कार्ट्रिज कोणत्या कोनात बसलं आहे ते कागदी मापपट्टीवर तपासा. ही पट्टी छापून घेता येते. छापताना ती लहानमोठी झालेली नाही ना, ते फूटपट्टीने बघा. कोन चुकला की सगळ्यात आधी आतली गाणी बिघडतात. म्हणून शेवटचं गाणं फिसकटतं तेव्हा छपाई खराब आहे की आपलं कार्ट्रिज वाकडं बसलंय, हे इथेच निकालात काढायचं.

प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’ लिहिलेल्या खोबणीतच जोडा. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि वरचे स्वर वाढवलेले असतात, नाहीतर खाच एवढी रुंद होईल की एका बाजूवर गाणी मावणार नाहीत. फोनोचा भाग हे उलटवून आवाज पूर्ववत करतो. साध्या ‘ऑक्स’मध्ये जोडलंत तर सगळं बारीक आणि किरकिरं येतं, आणि बिचाऱ्या रेकॉर्डवर ठपका पडतो. प्लेअरमध्येच फोनोची सोय असेल तर मात्र मागचं बटण ‘लाइन’वर ठेवून ‘ऑक्स’मध्येच जोडा. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर बहुधा अर्थिंगची बारीक वायर सुटलेली असते.

पाचवी पायरी: नवी असली तरी पुसा, गरज पडली तर धुवा

नव्या तबकडीवर कागदाचे तंतू असतात आणि स्थिर विजेने धूळ चिकटलेली असते. कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या तबकडीवर हलका टेकवा, दोन फेरे होऊ द्या, मग बाहेरच्या कडेकडे ओढून घ्या. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

तरीही चटचट येत असेल तर धुवा. डिस्टिल्ड पाणी, त्यात दहा-पंधरा टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ मायक्रोफायबर कापड. खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही. लेबल कोरडं ठेवायचं. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून सावलीत उभी वाळवायची. नळाचं पाणी नको, वाळल्यावर त्यातला क्षार खाचेत बसतो.

इथे एक कळकळीची सूचना. हेच मिश्रण घेऊन आजोबांच्या जुन्या ७८च्या तबकड्या पुसायला बसू नका. नाट्यगीतांच्या त्या जड, ठिसूळ तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एका पुसण्यात गाणं कायमचं जातं.

सहावी पायरी: ऐकून तपासणं

दुसरी बाजू लावा. सुई थेट शेवटच्या गाण्यावर, ‘अ नॅचरल वुमन’वर.

भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं, तरी आतल्या खाचांमध्ये स्वर जवळपास पाऊण टक्का वर-खाली होतो. बाहेरच्या कडेला त्याच चुकीचा परिणाम निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून पहिलं गाणं निर्दोष वाटतं आणि शेवटचं डुलतं. ३३⅓च्या वेगात एक फेरा १.८ सेकंदांत होतो. पियानोचा लांबलेला स्वर साधारण दोन सेकंदांच्या लयीत डुलत असेल तर तो भोकाचा दोष. खात्री करायला आर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, बघा. सुईचं डोकं दर फेऱ्याला डावी-उजवीकडे हलताना दिसेल. वर-खाली हलत असेल तर तबकडी वाकलेली आहे. थोडा वाक चालतो, पण आवाज त्याच्याबरोबर हलायला लागला की नाही.

स्वर स्थिर असेल तर आता किंगच्या आवाजाकडे या. तो गुळगुळीत आवाज नाही. वर जाताना तो ताणला जातो, थोडा खरखरतो, आणि ती खरखर तिची स्वतःची आहे. रेकॉर्डची खरखर वेगळी ओळखायला एक युक्ती आहे. तिची खरखर शब्दाबरोबर येते आणि शब्दाबरोबर जाते. घासलेली खाच किंवा वाकडं कार्ट्रिज असेल तर प्रत्येक मोठ्या स्वराला आणि प्रत्येक ‘स’ला तोच एक धातूसारखा कीस येतो, मग पियानो असो की आवाज. हा फरक एकदा कानाला पटला की आयुष्यभर उपयोगी पडतो.

त्याच्या आधीचं गाणं ‘टॅपेस्ट्री’. जवळजवळ एकटीने केलेलं, शांत. इथे पार्श्वभूमी तपासा. दर १.८ सेकंदांनी येणारी एकसारखी ‘टक्’ म्हणजे ओरखडा किंवा छपाईतला उंचवटा. कधीही, कुठेही येणारी चटचट म्हणजे धूळ किंवा स्थिर वीज, ती पुसून जाते. आणि एका बाजूच्या स्पीकरमधून कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज काही सेकंद आला, तर छापताना प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलं गेलेलं नाही. ते धुऊन जात नाही. लगेच बदलून मागायचं.

मग पहिली बाजू, सुरुवातीपासून. ‘आय फील द अर्थ मूव्ह’मध्ये पियानोच्या डाव्या हाताचे आघात पोटात जाणवायला हवेत, पण प्रत्येक आघात सुटा हवा. सगळे मिळून नुसता धबधबा ऐकू येत असेल तर आधी प्लेअरखालचं टेबल तपासा. ‘सो फार अवे’मध्ये जेम्स टेलरची गिटार आणि लार्कीचा बास एकमेकांत न मिसळता चालतात. बास इथे नुसता ठेका धरत नाही, गातो. शेवटाकडे कर्टिस एमीची बासरी येते, तिच्यातली फुंकर ऐकू आली पाहिजे. ‘इट्स टू लेट’मध्ये गिटार आणि सोप्रानो सॅक्सोफोन यांचे तुकडे आहेत. सॅक्सोफोन कानाला टोचत असेल तर सुईचा भार पुन्हा मोजा. बाजूच्या शेवटी ‘वे ओव्हर यॉन्डर’, त्यात मेरी क्लेटनचा साथीचा आवाज. दोन बायकांचे आवाज एकत्र चढतात तेव्हा ते दोन राहतात की एक गोळा होतो, ही आतल्या खाचांची दुसरी परीक्षा.

‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ मी मुद्दाम शेवटी ठेवतो. दहा वर्षांपूर्वी तरुण मुलींनी नाचत्या लयीत गायलेला प्रश्न इथे किंग स्वतः, पियानोशी बसून, अगदी संथपणे विचारते. साथीला जेम्स टेलर आणि जोनी मिचेल. मिचेल त्याच महिन्यात त्याच इमारतीतल्या दुसऱ्या स्टुडिओत ‘ब्लू’ हा स्वतःचा अल्बम ध्वनिमुद्रित करत होती. चांगल्या छपाईत हे दोघे किंगच्या मागे थोड्या अंतरावर उभे असल्यासारखे वाटतात. त्यांचे आवाज तिच्या आवाजाला चिकटलेले वाटत नाहीत. माझ्या दुसऱ्या प्रतीत ते अंतर पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी सुई उचलून तेवढाच भाग पुन्हा लावला, आणि मग पुन्हा एकदा.

सातवी पायरी: दोष निघालाच तर

त्याच दिवशी कळवा. ‘आवाज बरोबर नाही’ असं लिहू नका. बाजू, गाणं, मिनिट, दोषाचं वर्णन असं लिहा: दुसरी बाजू, शेवटचं गाणं, सुरुवातीपासून पियानोचा स्वर दर फेऱ्याला हलतो, आर्म डावी-उजवीकडे डुलतो. सोबत आर्मचं वीस सेकंदांचं चित्रण जोडा. दुसरी एखादी रेकॉर्ड त्याच प्लेअरवर स्थिर वाजते, हेही चित्रणात दाखवा, म्हणजे प्लेअरवर ढकलता येणार नाही. बदली प्रत त्याच गठ्ठ्यातली असेल तर तोच दोष पुन्हा येऊ शकतो. अशा वेळी पैसे परत मागणं शहाणपणाचं.

आठवी पायरी: पावसाळा

लंडन-न्यूयॉर्कहून लिहिलेल्या सल्ल्यांमध्ये ही पायरी नसते. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर रेकॉर्डचा खरा शत्रू म्हणजे ओल. बुरशी आधी पुठ्ठ्याला धरते, मग आतल्या कागदाला, आणि तिथून तबकडीवर करड्या ठिपक्यांनी येते.

रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, घट्ट दाबून नाही, तिरप्याही नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, मध्ये चार बोटं जागा हवी. खालचा कप्पा रिकामा सोडा. आतल्या कागदी पाकिटाऐवजी पॉलिथिनचं अस्तर असलेलं पाकीट घाला. बाहेरचं प्लास्टिकचं आवरण वरून उघडं राहू द्या, चिकटपट्टीने बंद केलंत तर ओल आतच कोंडते. पीव्हीसीची जाड, वास येणारी आवरणं तर अजिबात नकोत, काही वर्षांत ती तबकडीवर पांढुरका थर सोडतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलणाऱ्या मिळाल्या तर उत्तम. रंग बदलला की आतले दाणे काढून तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा चालतात. डांबराच्या गोळ्या मात्र रेकॉर्डजवळ ठेवू नका.

पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा तरी प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढून पंख्याच्या वाऱ्यावर धरायची. त्या निमित्ताने एखादी वाजवलीही जाते. आमच्याकडे ‘टॅपेस्ट्री’चा नंबर बहुधा श्रावणात, दुपारच्या सरीनंतर लागतो, आणि अजूनही मी आधी दुसरी बाजूच लावतो.